टाळ्या पडल्या, पण पटलं कुणाला?

वक्तृत्व स्पर्धेच्या पत्रकावर ‘स्त्री-पुरुष समानता : काळाची गरज’ हा विषय दिसला की पुढचा दीड तास कसा जाणार हे मला आधीच कळतं. सुरुवात ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ने. मग ‘जिच्या हाती पाळण्याची दोरी’. मग जिजाऊ, अहिल्याबाई, झाशीची राणी, सावित्रीबाई, कल्पना चावला, पॅसेंजर गाडीसारखी प्रत्येक स्टेशनावर थांबत. शेवटी आवाज चढवायचा, मूठ आवळायची, एक चारोळी फेकायची आणि दुसरी घंटा व्हायच्या आत जय हिंद, जय महाराष्ट्र. टाळ्या.

नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं जाते. मुलांबद्दल माझी तक्रार नाही. पोरं मेहनत घेतात, आरशासमोर उभी राहून पाठ करतात. तक्रार त्यांना भाषण लिहून देणाऱ्या मोठ्यांबद्दल आहे. स्त्री देवी आहे, जननी आहे, त्यागाची मूर्ती आहे, याला सभागृहात विरोध करणारा एक तरी माणूस असतो का? तिसऱ्या रांगेतले काका तर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतात, कारण या भाषणाने त्यांच्याकडे काहीच मागितलेलं नसतं. आईला वंदन करायचं आणि घरी जाऊन तिलाच पाणी मागायचं.

ज्याला अजून पटलेलं नाही त्याच्याशी बोलणं, त्याच्याकडून एक ठरावीक गोष्ट मागणं आणि ती त्याने का द्यावी हे त्याच्याच हिशेबात बसवून दाखवणं, याला मी पटवून देणारं भाषण म्हणते. बाकीचं सगळं कौतुकाचं भाषण. तेही असावं, पण त्याला समानतेचं भाषण म्हणू नये. ‘तुम्ही सगळे पुरुष असेच’ अशी सरसकट फोडणी देणारं दुसरं एक भाषण असतं, तेही तसंच वाया जातं. मुलं मोबाइल काढतात आणि मुली एकमेकींकडे बघून हसतात.

(कंसात सांगते, अशा कार्यक्रमात मंच नुसता बघत बसावं. खुर्च्यांवर चार पुरुष आणि एक बाई. ओवाळायला, पुष्पगुच्छ द्यायला, चहाचा ट्रे न्यायला नऊवारीतल्या मुली. माइक पाहुण्यांच्या उंचीला लावलेला, म्हणून अकरावीतल्या पोरीची पहिली दोन वाक्यं त्या दांड्यालाच ऐकू येतात. मग कोणीतरी धावत येऊन तो खाली करतो. विषय काय, तर समानता.)

मागे एका महाविद्यालयात एक मुलगी बोलायला आली. उमरेडकडची असावी, बोलीवरून तसं वाटलं. श्लोक नाही, चारोळी नाही. म्हणाली, “आमचा आजा वारला तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून माह्या दोन आत्यांची नावं चढली. मग एक दिवस बाबांनी दोघींना बोलावलं. रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेलं, हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. घरी पुरणपोळी झाली, दोघींना साड्या दिल्या, संध्याकाळच्या बसने त्या गेल्या. मी मोठ्या आत्याले विचारलं, तुले नाही पायजे का वावर? तं ते म्हणे, वावर घेतलं तं माहेर तुटते बाई.”

एवढं सांगून ती मुलांच्या रांगांकडे वळली. “तुमच्यापैकी बहुतेकांवर ही वेळ येणार आहे. बहिणीची सही घ्याल. घ्या. पण त्याच्याआधी तिला एकटीला बसवून विचारा, तुला तुझा हिस्सा हवा आहे का? आईसमोर नको, काकांसमोर नको. आणि ती हो म्हणाली तर रक्षाबंधनाला तिला तसंच बोलवा.”

सभागृह गप्प झालं. मागून एक मुलगा ‘अबे’ म्हणाला, बस. टाळ्या उशिरा आल्या आणि कमी आल्या. त्या मुलांकडे पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी मागितलं होतं, आणि मागितलेलं त्यांना देता येण्यासारखं होतं. ‘समाजाने मानसिकता बदलावी’ हे कोण कधी करणार? बहिणीला एकटीला बसवून विचारणं कोणालाही जमतं.

तिला उत्तेजनार्थ मिळालं. सोबतच्या परीक्षकांचं म्हणणं, मॅडम, विषय समानतेचा होता, ही प्रॉपर्टीवर गेली. भाषाही प्रमाण नाही. गुणपत्रिकेत रकाने होते ते असे: उच्चार, हावभाव, पाठांतर, वेळेचं भान, विषयाची मांडणी. ऐकणाऱ्याचं मत हललं का, याला रकानाच नाही. मी माझे पूर्ण गुण दिले आणि भांडलेही, पण बेरीज शेवटी बेरीज असते.

प्रॉपर्टीवर गेली म्हणे! मग जायचं कुठे? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्यात आणला, फक्त त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राने २००५ मध्ये तोही फरक काढला. म्हणजे कायद्याने मोकळं केलेलं आपण जेवणाच्या पंगतीत परत बांधून घेतो. कायदा जिथे थांबतो तिथे भाषणाचं काम सुरू होतं, कारण सही करू नको असं कुठलंही कलम बहिणीला सांगत नाही आणि विचारून घे असं भावाला सांगत नाही.

आणि असं बोलायला आपल्याला कोणाकडून शिकायची गरज नाही. याच शहरात २० जुलै १९४२ ला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हे बाबासाहेबांचं वाक्य त्या परिषदेतल्या भाषणातलं. नागपुरात ते पोस्टरवर, फ्लेक्सवर, प्रत्येक स्पर्धेत दिसतं. पण भाषण तिथे संपत नाही. पुढे त्यांनी समोरच्या बायकांना एकेक काम सांगितलंय. मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा. लग्नाची घाई करू नका. फार मुलं होऊ देऊ नका. आणि लग्न झालेल्या प्रत्येक मुलीने नवऱ्यासमोर उभं राहावं, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून, त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा. १९४२ साली, भर सभेत! हे पुढचं कोणी पाठ करत नाही, कारण ते फ्लेक्सवर बसत नाही आणि घरात अडचण करतं.

त्या परिषदेचे ठराव वाचा. घटस्फोटाचा हक्क हवा. एकापेक्षा जास्त बायका करण्यावर बंदी हवी. गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकेत, रेल्वेत राबणाऱ्या बायकांना रजा हवी, इजा झाली तर भरपाई हवी. एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकून उठणाऱ्या शहरात हे बोलणं होतं, हवेतलं नव्हतं. त्यातल्या पहिल्या दोन मागण्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आल्या.

दुसरं उदाहरण शेतकरी संघटनेचं. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा समोर धोतर-टोपीतले शेतकरी होते, जमीन जिवापाड जपणारे. त्यांना त्यांनी देवीचं स्तोत्र ऐकवलं नाही. सरकार तुमच्या मालाचं मोल देत नाही म्हणून तुम्ही रस्त्यावर उतरता ना, मग घरच्या लक्ष्मीच्या घामाचं मोल तुम्ही काय दिलं, या अंगाने ते बोलत. आणि मागणं काय, तर जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. ज्या गावात शंभर जण करतील त्या गावात मी स्वतः येईन, हा शब्द. गावंच्या गावं तयार झाली. माणूस ज्या अन्यायाने पोळलाय तिथून सुरुवात केली की त्याला दुसऱ्याचा अन्याय लवकर कळतो. ही खुबी आमच्या स्पर्धांमध्ये शिकवत का नाहीत?

‘भाषणांनी काय होतंय?’ असं खाली कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. काही होत नाही अशीच भाषणं आपण बसवून घेतो, मग काय होणार?

तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना एक विनंती. ‘काळाची गरज’ आता पुरे. ‘बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी का?’ असा विषय द्या, दोन्ही बाजूंनी बोलू द्या. ‘लग्नाचा अर्धा खर्च मुलाकडच्यांनी द्यावा.’ ‘आई नोकरी करते त्या घरात डबा कोणी भरायचा?’ मुलांनाही बोलायला लावा, फक्त मुलींकडून करून घेऊ नका. पोरं घरच्या बोलीत बोलली तर गुण कापू नका. श्रोते म्हणून वडील आणि मोठे भाऊ बोलवा, आणि सुरू होण्याआधी व संपल्यावर त्यांना चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहायला सांगा. ज्या वक्त्याने जास्त चिठ्ठ्या फिरवल्या त्याला पहिला नंबर.

अशी स्पर्धा कोणी नागपुरात ठेवणार असेल तर परीक्षक म्हणून मी येते. मानधन, शाल-श्रीफळ काही नको, तर्री-पोहे चालतील. फक्त ट्रे मुलांच्या हातात द्या आणि माइक आधी खाली करून ठेवा.