बोत्स्वानाला लॉटरी लागली होती का?

विषय निघाला शेठमुळे. शेठ म्हणजे आमच्या गिरगावच्या कट्ट्यावरचा एकमेव हिरेबाजारवाला. ऑपेरा हाऊसला असॉर्टर, म्हणजे हिऱ्यांची प्रतवारी करणारा, म्हणून चिकटला, बाजार बीकेसीला गेला तसा तोही गेला. नावाचाच शेठ, बाकी पगारी माणूस. माल हलत नाही म्हणून कुरकुरत होता, तर बंड्या म्हणाला, "तुझं राहू दे, त्या आफ्रिकेतल्या हिरेवाल्या बोत्स्वानाचं बघ. पन्नास-साठ वर्षं लॉटरीच्या पैशावर बसून खाल्लं, आता बसलेत बोंबलत."

मास्तरांनी चष्मा काढला. मास्तरांनी चष्मा काढला की तासाभराची निश्चिंती.

"बंडोपंत, ३० सप्टेंबर १९६६ ला तो देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे काय होतं, सांगा. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट जमीन, त्यातली बहुतेक कलहारीची वाळू. माणसं पाच-सहा लाख. डांबरी रस्ता किती? बारा किलोमीटर. पदवीधर बावीस. आणि राजधानीच नव्हती! इंग्रज त्या मुलखाचा कारभार माफेकिंगहून हाकत, म्हणजे शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत बसून. गाबोरोनी हे शहर स्वातंत्र्याच्या तोंडावर माळरानात उभं केलं. त्यात दुष्काळ, गुरं पटापटा मरत होती. सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटनच्या अनुदानावर."

"मग हिरे सापडले. तेच म्हणतोय ना मी."

"सापडले १९६७ साली, ओरापाला," वकील मध्ये पडला. "पण हिरे सिएरा लिओनमध्ये होते, अँगोलात होते, काँगोत होते. तिथं त्या पैशावर बंदुका आल्या. इथं शाळा आणि रस्ते कसे आले, ते सांग."

याचं उत्तर मास्तरांकडे तयार होतं आणि मला वाटतं वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच. त्याच १९६७ मध्ये बोत्स्वानानं कायदा केला की जमिनीखालचं खनिज टोळीचं नाही, राष्ट्राचं. ओरापा येतं बामांग्वाटो टोळीच्या मुलखात, आणि पहिला राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हा याच टोळीच्या गादीचा वारस. म्हणजे आपल्याच घराण्याच्या हद्दीतली खाण त्यानं सगळ्यांच्या नावावर केली. उरलेल्या टोळ्यांना मग भांडायला कारणच राहिलं नाही.

वकिलाला मात्र हे इतकं साधं वाटेना. "कायदा आणि शोध एकाच वर्षी? त्याला आधीच कुणकुण असणार. आणि दुसरं, त्यांचे आमदार-मंत्री बहुतेक मोठ्या कळपांचे मालक. त्यांचा धंदा गोमांस युरोपला पाठवायचा. त्यांना कुंपणं हवी होती, लोबात्सेचा कत्तलखाना चालू राहायला हवा होता, कोर्ट-कचेरी धड हवी होती. त्यांच्या स्वार्थात देशाचं हित बसलं, इतकंच."

"बसलं ना? आपल्याकडे का नाही बसत?" मास्तर म्हणाले. यावर कट्टा पाच मिनिटं साखर कारखान्यांवर घसरला. तो भाग गाळतो.

सेरेत्सेची गोष्ट बंड्याला ठाऊक नव्हती. मास्तरांनी ती रंगवून सांगितली. लंडनला कायदा शिकायला गेलेला हा राजपुत्र १९४८ मध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. नेमकं त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदवाले सत्तेवर आलेले. त्याच्या वतीनं गादी सांभाळणारा चुलता त्शेकेडी आधी खवळला, पण सेरोवेच्या क्गोत्लात, म्हणजे त्यांच्या गावसभेत, हजारोंनी उठून सेरेत्सेला कौल दिला. पोटात दुखलं ते प्रिटोरियाच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारच्या. ब्रिटनला तिथलं सोनं आणि युरेनियम हवं होतं, म्हणून त्यांनी आपल्याच छत्राखालच्या राजपुत्राला त्याच्याच देशातून हद्दपार केलं. १९५६ मध्ये परत येऊ दिलं, तेही गादीवरचा हक्क सोडल्यावर.

"आणि याच घराण्याचा आजा, तिसरा खामा, १८९५ मध्ये आणखी दोन राजांना घेऊन लंडनला गेला होता. मुलूख सेसिल ऱ्होड्स या इंग्रज साम्राज्यवाद्याच्या कंपनीच्या घशात घालू नका म्हणून. आपले रंगो बापूजी साताऱ्याच्या गादीसाठी चौदा वर्षं लंडनला खेटे घालून रिकाम्या हातानं परतले. या तिघांना काही महिन्यांत यश आलं."

"कारण साताऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीला रस होता, कलहारीत कुणाला नव्हता," वकील म्हणाला. मास्तरांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं.

इथून शेठचा प्रांत सुरू झाला. एरवी गप्प बसणारा माणूस, पण डी बियर्सचं, म्हणजे खाणीतले हिरे काढून जगभर विकणाऱ्या बड्या कंपनीचं, नाव निघालं की फुलतो. "सुरुवातीला सरकारचा वाटा १५ टक्के. मग ज्वानेंग सापडली. किमतीच्या हिशेबानं जगातली सगळ्यात श्रीमंत खाण ती. तेव्हा यांनी डी बियर्सला पुन्हा टेबलावर बसवलं आणि निम्मा वाटा घेतला. तीच आजची डेबस्वाना. कर, रॉयल्टी, लाभांश सगळं धरलं तर नफ्याच्या रुपयातले ऐंशी पैसे सरकारला जातात. आणि खरी गंमत पुढे. ऐंशीच्या दशकात बाजार पडला, डी बियर्स म्हणाली माल बाहेर काढू नका. यांनी काढला नाही, साठवला. १९८७ मध्ये तो साठा डी बियर्सलाच विकला आणि बदल्यात रोख तर घेतलीच, वर डी बियर्सचे ५ टक्के शेअर घेतले. आज १५ टक्के आहेत. आमच्या मालकाला असं कुणी वाकवून दाखवावं."

पूर्वी डी बियर्सची कच्च्या मालाची साइट, म्हणजे ठरावीक व्यापाऱ्यांसाठीची विक्री, लंडनला भरायची. २०१३ पासून ती गाबोरोनीला भरते. मुंबई-सुरतेचे व्यापारी आता तिकडे जातात, आणि माल हवा तर थोडा तिथंच पैलू पाडा म्हटल्यावर काहींनी तिथं कारखानेही टाकले. शेठच्या मते हे कारखाने नाइलाजाचे आहेत. सुरतेच्या कारागिराच्या मजुरीत तिथं काम होत नाही.

मी म्हटलं, इथंच गाडी अडते. हिऱ्याची खाण पैसा देते, पण माणसं किती लावते? काही हजार. तीस वर्षं जगातल्या सगळ्यात वेगानं वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत नाव, १९७६ पासून स्वतःचं चलन पुला, पुढच्या पिढीसाठी बाजूला ठेवलेला पुला फंड, आणि तरी गावागावात शिकलेली पोरं रिकामी. विषमतेतही हा देश जगात वरच्या रांगेत. सेलेबी-फिक्वेची तांबं-निकेलची सरकारी खाण २०१६ मध्ये एका फटक्यात बंद झाली, पाच हजारांवर कामगार घरी बसले, आणि अख्खं गाव त्या एका खाणीवर उभं होतं. सेरेत्से आणि त्याच्यानंतरचा राष्ट्राध्यक्ष क्वेट मसिरे यांनी पैसा राखला, चोरीला जाऊ दिला नाही, याबद्दल मी टोपी काढतो. पण राखणं आणि दुसरा धंदा उभा करणं ही दोन वेगळी कामं. दुसरं त्यांना जमलं नाही. समुद्र नाही, गिऱ्हाईक थोडं, शेजारी दक्षिण आफ्रिकेचे कारखाने, सगळं कबूल. तरी तीस वर्षं हातात होती.

मास्तर चिडले. "मधे एड्स आला ते विसरलात. २००० च्या सुमाराला प्रौढांमध्ये चारात एकाला तरी लागण. कुठलाही देश आडवा झाला असता. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यानं २००२ मध्ये औषधं फुकट द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत पहिल्यांदा. ती औषधं हिऱ्याच्या पैशानंच परवडली ना?"

हे खरं आहे. मी गप्प बसलो.

वकील बसला नाही. "आणि बासार्वा? ज्यांना तुम्ही बुशमन म्हणता. कलहारीच्या अभयारण्यातून त्यांना १९९७ आणि २००२ मध्ये हलवलं. हजारो वर्षं राहत होते तिथं. २००६ मध्ये हायकोर्टानं सांगितलं की हे बेकायदा आहे. मग सरकारनं बोअरवेल वापरू दिली नाही. पाण्यासाठी पुन्हा कोर्ट, २०११ पर्यंत. तुमच्या त्या सगळ्यांच्या मालकीत हे लोक धरले नव्हते वाटतं."

मास्तर म्हणाले, पण सरकारविरुद्ध निकाल देणारं कोर्ट तरी होतं. वकील म्हणाला, पाण्याविना निकाल काय चाटायचाय? दोघंही बरोबर होते, म्हणून दोघंही वरच्या पट्टीत बोलत होते.

"आता काय झालंय ते तरी बोला," बंड्या.

आता झालंय ते असं, की सुरतेत मशीनमध्ये काही आठवड्यांत हिरा वाढतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी शेठलाही ओळखता येत नाही. २०२३ मध्ये मोदींनी जिल बायडन यांना दिला तो साडेसात कॅरेटचा हिरा लॅबमधलाच. शेठ त्याबद्दल अजून धुसफुसतो. अमेरिकेतली पोरं साखरपुड्याला तोच घेतात, खाणीतल्या मालाचे भाव कोसळतात, आणि ज्या देशाची ८० टक्क्यांच्या आसपास निर्यात हिऱ्यांची, त्याची अर्थव्यवस्था २०२४ मध्ये ३ टक्क्यांनी आक्रसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या कारोवे खाणीतून २,४९२ कॅरेटचा दगड निघाला, १९०५ च्या कलिनन हिऱ्याखालोखालचा. मूठभर दगडानं देशाचं काय भागणार? ऑक्टोबरात मतदारांनी अठ्ठावन्न वर्षं राज्य केलेल्या पक्षाला ६१ पैकी ४ जागांवर आणलं. मावळत्या अध्यक्षानं पूर्ण निकालाआधीच हार मानली आणि ड्युमा बोको या वकिलाच्या हाती सत्ता गेली, एक दगड न फेकता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मात्र त्याच बोकोंना सरकारी दवाखान्यांत औषधं नाहीत म्हणून आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

"आणि आता म्हणे त्यांना डी बियर्सच विकत घ्यायचीय," शेठ म्हणाला. "तिची बडी मालक कंपनी अँग्लो अमेरिकन, तिला आपला ८५ टक्के वाटा फुंकायचाय. अँगोलालाही रस आहे. मी बोत्स्वाना असतो तर हातातले पंधराही विकले असते."

"खाण तुझी, आणि दुकान दुसऱ्याच्या हातात देणार?" मास्तर. "उद्या त्यानं ज्वानेंगचा माल मागे ठेवून अँगोलाचा पुढे केला तर?"

"करेल ना. पण दुकानात गिऱ्हाईकच नसेल तर मालकी घेऊन करायचंय काय?"

"गिऱ्हाईक परत येतं. ऐंशीच्या दशकातही आलं होतं. आत्ताच तूच सांगितलंस."

शेठला यावर लगेच उत्तर सुचलं नाही. वकिलानं विचारलं, दवाखान्यात औषध नाही, मग कंपनी घ्यायला पैसा आणणार कुठून? कर्ज काढून घेणार असतील तर मी शेठच्या बाजूनं. मास्तर म्हणाले, मी नाही.