गोदामांआधी परवानग्यांचे बोला
आपत्तीत शेजारी देशांनी एकमेकांना मदत करण्याचे प्रादेशिक जाळे बळकट करायचे तर मदतसाहित्याच्या साठ्याची गोदामे वाढवावीत, हा आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या लेखातील मुद्दा रास्त असला तरी अपुरा वाटतो. मदत अडते ती बहुधा साहित्याच्या टंचाईने नव्हे, तर सीमेवरच्या परवानग्यांमुळे. २००८ च्या मे महिन्यात नर्गिस चक्रीवादळाने म्यानमारचा इरावती त्रिभुज प्रदेश उद्ध्वस्त केला, तेव्हा साहित्य आणि माणसे बाहेर तयार असतानाही लष्करी राजवटीने परदेशी पथकांना प्रवेश देण्यास कित्येक दिवस टाळाटाळ केली. अखेर आसियान (आग्नेय आशियाई देशांची संघटना), संयुक्त राष्ट्रे आणि म्यानमार सरकार यांच्या त्रिपक्षीय गटामुळे वाट मोकळी झाली, कारण शेजाऱ्यांवरचा अविश्वास तुलनेने कमी होता. आसियानचा आपत्ती व्यवस्थापन करार २००५ मध्येच झाला होता, पण तो अमलात आला २००९ मध्ये आणि जकार्तातील समन्वय केंद्र उभे राहिले २०११ मध्ये. दक्षिण आशियातील सार्क देशांनीही २०११ मध्येच जलद प्रतिसादाचा करार केला. राजकीय संबंध बिघडले की असे करार कागदावरच राहतात, हे मात्र कोणी उघड बोलत नाही.

दुसरे, पैशाचे. मदतनिधीपैकी किमान २५ टक्के रक्कम शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना देण्याचे उद्दिष्ट २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मान्य झाले होते. २०२० ची मुदत उलटून गेली, तरी ते गाठले गेले नाही. पहिल्या काही तासांत ढिगारे उपसणारे स्थानिकच असतात, त्यामुळे सीमाशुल्क सवलत, वैद्यकीय पथकांची मान्यता आणि संयुक्त सराव यांच्या जोडीने त्यांना आगाऊ निधी मिळण्याची सोयही अशा प्रादेशिक करारांतच लिहिलेली असावी.