बालवर्गातल्या मुलाची वही कोरी का असते?

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पहिली पालकसभा होते. त्या सभेत एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो : "ताई, शेजारच्या मुलीला शंभरपर्यंत अंक लिहिता येतात, मग आमच्या मुलाची वही अजून कोरी कशी?" विचारणाऱ्या आईच्या आवाजात काळजी असते आणि ती काळजी खरी असते, म्हणून सभेतल्या दोन मिनिटांत जे सांगून होत नाही ते सविस्तर लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते. मॉन्टेसरी पद्धतीच्या बालवर्गात मी एकोणीस वर्षे शिकवते आहे आणि साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती रेघी वही देऊ नये, हे माझे मत दरवर्षी अधिक पक्के होत गेले आहे.

लिहिण्याची तयारी पेन्सिलीपासून सुरू होत नाही. आमच्याकडे दट्ट्यांच्या पेट्या असतात. लाकडाच्या एका लांब ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे, प्रत्येकाच्या डोक्यावर छोटी मूठ. ही मूठ मूल अंगठा आणि पहिली दोन बोटे यांच्या चिमटीत धरते, आणि पुढे पेन्सिल धरायची असते ती याच तीन बोटांनी. ओले फडके पिळताना मनगट वळायला शिकते, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतताना हात स्थिर होतो, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून दोन बोटे फिरवताना अक्षराचे वळण डोळ्यांआधी बोटांना कळते. यांपैकी एकाही गोष्टीची वहीत नोंद होत नाही. काम संपले की मूल सामान जागेवर ठेवते, चटई गुंडाळते आणि उठते. घरी नेऊन दाखवायला त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

या पद्धतीत ताईने करण्याचे सर्वांत अवघड काम म्हणजे थांबणे, आणि ते मी एका चुकीतून शिकले. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात साडेतीन वर्षांचा एक मुलगा दट्ट्यांची पेटी घेऊन बसला होता. त्याने एक बारीक दट्टा जाड दट्ट्याच्या खाचेत टाकला होता, त्यामुळे शेवटी हातात जाड दट्टा आणि समोर बारीक खाच अशी स्थिती झाली. तो दट्टा त्या खाचेवर ठेवून पाही, उचली, पुन्हा ठेवी. बराच वेळ हे चालले होते. शेवटी मला राहवले नाही. मी पुढे होऊन दोन दट्ट्यांची अदलाबदल केली आणि "असं बघ" म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिले, पेटी तशीच टाकली आणि खिडकीपाशी जाऊन पाऊस पाहत उभा राहिला. पुढचे कित्येक दिवस त्याने त्या पेटीला हात लावला नाही. चूक झाली आहे हे लाकूडच मुलाला सांगेल अशा बेताने ती पेटी घडवलेली असते, हे प्रशिक्षणात मी पाठ केले होते, तरी माझा हात पुढे गेलाच. तेव्हापासून मूल कामात असताना मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहते.

ही पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरी मूळच्या डॉक्टर होत्या. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे एक तीन वर्षांची मुलगी दट्ट्यांमध्ये इतकी रमली, की भोवती मुले गात असतानाही तिने चाळीसहून अधिक वेळा तेच काम पुन्हा पुन्हा केले. आपल्याकडे हा विचार मॉन्टेसरीबाईंच्या आधी पोचला होता. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे भारतातच राहिल्या. मला स्वतःला सर्वाधिक आदर वाटतो तो ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर केलेल्या कामाचा. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली आणि महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतून साधने उभी केली. ही पद्धत पॉलिश केलेल्या लाकडात नसते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

म्हणूनच आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या पाट्यांबद्दल मनापासून वाईट वाटते. 'मॉन्टेसरी' हे नाव कोणाच्याही मालकीचे नाही, त्यामुळे ते कोणीही लावू शकते. एका वयाची चाळीस मुले बाकांवर ओळीने बसलेली, सर्वांच्या वहीत एकाच वेळी एकच अक्षर गिरवले जाते आहे आणि गुलाबी मनोरा काचेच्या कपाटात कुलूपबंद, असा वर्ग मी डोळ्यांनी पाहिला आहे. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे ते दहा घनाकृती ठोकळे मुलाने उचलायचे, रचायचे आणि पाडायचे असतात. नाव पाहून प्रवेश घेण्याआधी पालकांनी अर्धा तास वर्गात बसू द्यावे असा आग्रह धरावा. अडीच-तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले एकत्र आहेत का, ती आपले काम आपण निवडतात का, आणि ताईचा आवाज किती कमी ऐकू येतो, एवढे पाहिले तरी पुरे. मुलांना येथे वाटेल तसे वागू देतात, हा समज मात्र चुकीचा आहे. प्रत्येक साधनाचा एकच संच असतो, दुसऱ्याचे होईपर्यंत थांबावे लागते आणि वापरलेली वस्तू होती तशी जागेवर ठेवावी लागते.

"पहिलीत गेल्यावर मागे पडेल" ही भीतीही मी नेहमी ऐकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे पहिली-दुसरी याच टप्प्यात येतात आणि त्यांतही खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. घाई मुलांना नसते आणि धोरणालाही नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर साडेचार वर्षांच्या एका मुलीने सुट्या अक्षरांची पेटी घेतली. घरी तिने भावाबरोबर मातीचा किल्ला केला होता आणि तोच शब्द तिला हवा होता. ती ओठ हलवत एकेक आवाज सुटा करू लागली. आधी क मांडला, मग वेलांटी शोधून ती क च्या उजवीकडे ठेवली. तिच्या कानाला 'क' आधी आणि 'इ' नंतर ऐकू येत होती, मग वेलांटी डावीकडे येईलच कशी? त्यापुढे एक ल, आणखी एक ल आणि शेवटी काना. जोडाक्षर तिला कोणी शिकवले नव्हते, पण तिथे दोन ल आहेत हे तिने कानाने ओळखले होते. मी हात पाठीमागेच ठेवले. वेलांटीचा पाठ दुसऱ्या दिवशी, वेगळ्या शब्दावर घेतला.

तो शब्द वीस-पंचवीस मिनिटे चटईवर होता. मग तिने प्रत्येक अक्षर त्याच्या कप्प्यात परत ठेवले. बारा वाजता तिचे बाबा न्यायला आले आणि त्यांनी विचारले, "आज काय लिहिलंस?" ती म्हणाली, "किल्ला." त्यांनी दप्तरातून वही काढली आणि पाने उलटून पाहिली.