सुरुवात १९४८ च्या कितीतरी आधीची

पॅलेस्टाईनचा प्रश्न १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धातून निर्माण झाला, हे आपण प्रसिद्ध केलेल्या लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. ब्रिटनने १९१५-१६ मधील पत्रव्यवहारात तुर्की साम्राज्याखालील मक्केचे प्रमुख शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याचे आश्वासन दिले, १९१६ मध्ये सायक्स-पिको करारान्वये अरब प्रदेशांची फ्रान्सबरोबर गुप्तपणे वाटणी ठरवली आणि २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय निवासस्थान उभारण्यास पाठिंबा दिला. त्या वेळी लोकसंख्येच्या सुमारे नऊ-दशांश असलेल्या अरबांचा उल्लेख जाहीरनाम्यात केवळ ‘बिगर-ज्यू समुदाय’ असा आहे. त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाधा येऊ नये असे त्यात म्हटले आहे, राजकीय हक्कांविषयी मात्र अवाक्षरही नाही. माझ्या मते सारे काही या मौनातच आहे.

युरोपात ज्यूंचा झालेला छळ भयंकर होता, हे निर्विवाद आहे. परंतु पॅलेस्टाईनमधील ब्रिटिश राजवटीविरुद्धचा १९३६ ते १९३९ चा अरब उठाव ब्रिटिशांनी इतक्या कठोरपणे मोडला की, १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीचा निर्णय झाला तेव्हा पॅलेस्टिनी समाजाचे नेतृत्व पुरते विस्कळीत झालेले होते. भारताने इराण व युगोस्लाव्हियासह मांडलेली, अरब व ज्यूंच्या एकाच संघराज्याची योजना मागे पडली आणि फाळणीच्या ठरावाविरुद्ध भारताने मतदान केले, याचीही लेखात नोंद हवी होती.