कलर दरुस्ती

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की कूलर मेकॅनिकपुढे डॉक्टरही हात जोडून उभा राहतो. आमच्या मामांचं सक्करदऱ्याला कूलरचं दुकान आहे. गवत बदलणं, पंप टाकणं, मोटार वाइंड करणं. यंदा त्यांना बुकिंगसाठी ॲप हवं होतं आणि तेही मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत. मागणी रास्त होती. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इथला माणूस भाजीवाल्याशी भाव हिंदीत करतो आणि भांडतो मराठीत.

मी एक फुकटचं स्टार्टर टेम्प्लेट, म्हणजे ॲपचा आयता सांगाडा, उतरवून घेतलं. सोबतच्या माहितीत लिहिलं होतं, बहुभाषिक ॲप पाच मिनिटांत तयार. आत फ्रेंच, जर्मन आणि अरबी आयत्या बसलेल्या होत्या. अरबीचा थाट तर विचारू नका. पान उजवीकडून डावीकडे वळायची सोय, वर अनेकवचनाचे सहा प्रकार: शून्य, एक, दोन, थोडे, पुष्कळ आणि उरलेले. मराठीसाठी दोनच प्रकार भरायचे होते. मी इमानदारीने भरले. एक कूलर. अनेक कूलर.

भाषा निवडायला टेम्प्लेटने झेंडे दिले होते. फ्रेंचला फ्रान्सचा, जर्मनला जर्मनीचा. मी मराठीला तिरंगा लावला. मग हिंदीलाही तिरंगाच लावला, दुसरा कुठला लावणार?

"हे दोन्ही बटन सारखेच काहून आहे बे?" मामांनी विचारलं. मराठी पानाच्या पत्त्यात भाषेचा कोड म्हणून 'एमआर' येतो, तो मामींनी 'मिस्टर' असा वाचला आणि मिसेसचं पान कुठं आहे ते विचारलं. ते काम अजून माझ्याकडे बाकी आहे.

झेंडे काढून टाकले, कारण तसेही ते कुणी दाबत नव्हतं. ब्राउझर प्रत्येक वेळी आपली आवडती भाषा सर्व्हरला कळवतो आणि टेम्प्लेट त्यानुसार पान उघडतं. सोय उत्तम. फक्त मामांच्या यच्चयावत गिऱ्हाइकांचे फोन इंग्रजीत आहेत. महालातल्या आजोबांचासुद्धा. त्यामुळे सगळ्यांना इंग्रजी पान दिसे, आणि त्या पानावर तक्रारीच्या चौकटीत ते लिहीत: 'भाऊ पानी तो आ रहा, पण हवा गरमच फेकून राहिला, अर्जंट पोट्टा भेजो.' ही कुठल्या भाषेची नोंद धरायची, याचा रकाना टेम्प्लेटमध्ये नाही. ते ज्यांनी बनवलं त्यांच्याकडे एक माणूस एका वेळी एकच भाषा बोलत असावा.

मराठी पान मी हट्टाने पहिलं केलं, तर वेगळीच पंचाईत. बटणाची उंची लॅटिन अक्षरांच्या मापाची, त्याबाहेरचं सगळं छाटायचं असा हुकूम. अक्षराखाली लटकणारे उकार छाटले गेले. 'कूलर दुरुस्ती' या मुख्य बटणावर 'कलर दरुस्ती' असं झळकू लागलं. दोन जणांनी भिंती रंगवायचा दर विचारला. मामा धंदेवाईक माणूस, त्यांनी एकाला सांगूनही टाकला.

मग जागांची नावं. टेम्प्लेटचा हिशोब सोपा होता: वाक्यात एक खाच ठेवायची, तिथे वस्तीचं नाव आपोआप बसतं. इंग्रजीत बसलंही. मराठीत 'आमचा माणूस सक्करदरामध्ये येत आहे' असं आलं. खामलामध्ये, मानेवाडामध्ये. मामांना हे बोलणं पुण्याचंही वाटेना. शेवटी प्रत्येक वस्तीची दोन रूपं हाताने लिहिली: खामला आणि खामल्यात, मानेवाडा आणि मानेवाड्यात. धंतोली, इतवारी या ईकारान्त वस्त्यांनी जरा तरी माणुसकी दाखवली, नुसता 'त' लावला की काम झालं.

आकड्यांचं तर सांगायलाच नको. ब्राउझरच्या नियमानुसार मराठीत देवनागरी आकडे आपोआप येतात, हिंदीत मात्र इंग्रजी. त्यामुळे एकाच गवताचं बिल दोन पानांवर दोन लिप्यांत. शिवाय दिसेल त्या संख्येत स्वल्पविराम घालायची टेम्प्लेटला हौस. मेकॅनिकचा मोबाइल नंबर नऊशे कोटींच्या वरची रक्कम होऊन झळकला. तो पोऱ्या दिवसभर त्याचे स्क्रीनशॉट घरच्यांना पाठवत होता.

आता ॲप चालतंय. एक गोष्ट मात्र तशीच आहे. एखादं वाक्य मराठीत भरायचं राहिलं तर टेम्प्लेट मूळ भाषेतलं दाखवतं, आणि त्याची मूळ भाषा फ्रेंच. बुकिंग रद्द करायचं बटण असंच राहून गेलंय. तिथे 'आन्यूले' असं काहीतरी लिहिलेलं दिसतं, आणि त्याचा अर्थ लागत नसल्याने ते कुणी दाबत नाही. मी ते बदलायला लॅपटॉप उघडला, तसा मामांनी माझा हात धरला.

"राहू दे बे तेवढं फ्रेंच. यंदा एकही बुकिंग कॅन्सल नाही झालं."