काचेपलीकडची गाडी

धाकट्या भावाने गेल्या महिन्यात त्याच्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं बिल घरच्या ग्रुपवर टाकलं. गाडी दोन वर्षांची, सर्व्हिसिंग नेहमीचं. इंजिन ऑइल आणि फिल्टर बिलात असणारच. पण त्याखाली इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, ब्रेक क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण अशा ओळीवर ओळी होत्या. त्याने एवढंच विचारलं, "ताई, यातलं खरंच गरजेचं काय?" मी लिहिलं की गाडीच्या मॅन्युअलमध्ये देखभालीचा तक्ता असतो, तो उघड आणि त्यात नसलेली प्रत्येक ओळ कशासाठी ते त्यांना विचार. पुढे सहज जोडलं, की ऑइल तर तू घरीही बदलू शकतोस, मी इथे अमेरिकेत बदलतेच.

त्यावरून तीन दिवस वाद चालला. भाऊ म्हणाला, "तिकडे मजुरी महाग म्हणून तुम्ही करता. इथे कोण गाडीखाली झोपणार?" बाबा म्हणाले, कंपनीत दिली नाही तर वॉरंटी जाईल. मामांचं म्हणणं, आपण सगळेच असं करायला लागलो तर गॅरेजवाल्याने काय खायचं? तिन्ही मुद्दे मनापासून मांडलेले होते आणि तिन्हींत तथ्य आहे. तीन ओळींच्या मेसेजमध्ये त्यांना उत्तर देता येईना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मजुरीचं आधी. भावाचं अर्धं बरोबर आहे. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. इथे कुणाच्या तासाभराच्या कामाचे पैसे मोजताना हात आखडतोच, आणि घरासमोर गाडी लावायला सपाट जागा आहे. ही जागा नसती तर मीही हा उद्योग सुरू केला नसता. पण मी सुरुवात केली ती पैशांसाठी नाही. पहिली काही वर्षं मी झटपट ऑइल बदलून देणाऱ्या एका ठिकाणी गाडी न्यायचे. गाडी आत जायची, मी काचेपलीकडे खुर्चीत बसायचे, वीस मिनिटांनी किल्ली हातात. एकदा गाडी उभी असते त्या जागी जमिनीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो बशीएवढा झाला. ओळखीच्या एकाने गाडी उचलून तेल काढायचा खालचा बोल्ट, म्हणजे ड्रेन बोल्ट, सोडवला, तर बोल्टाच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक चकचकीत तार गुंडाळून आली, स्प्रिंगसारखी. ती तार म्हणजे ज्यात तेल साठतं त्या इंजिनाखालच्या ऑइल पॅनचे आटे होते. कुणीतरी बोल्ट इतका करकचून आवळला होता की मऊ धातूचे आटे सोलून निघाले. मी काचेपलीकडे बसलेली असताना हे झालं होतं आणि मला काही कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून ऑइल मी बदलते. बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी. गाडी पाच-दहा मिनिटं फिरवून आणायची म्हणजे तेल कोमट होऊन पातळ होतं. फार तापलं तर हात भाजतो. हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे, पुढून जॅकने उचलायचं आणि गाडी स्टँडवर, म्हणजे तिचं वजन पेलणाऱ्या लोखंडी आधारांवर, ठेवायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. ज्याच्याकडे स्टँड नाहीत त्याने हे काम करूच नये, हे मी भावालाही बजावलं आहे.

बोल्ट सुटला की तेलाची जाड धार येते, मग बारीक, मग थेंब. या वेळी मी घाई करत नाही, कारण गाडीची प्रकृती इथेच दिसते. तेल काळं असणं हा दोष नाही, ते आपलं काम करून काळं झालेलं असतं. पण दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, तेलात शिरत असू शकतं. भांडं उन्हात तिरकं केल्यावर धातूची चमचम दिसली तर आत काहीतरी झिजतं आहे. पेट्रोलचा उग्र वास आला तर तेही शोधून काढायला हवं. मग जुना फिल्टर. तो निघाला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे बोट फिरवून बघायचं. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला तर चालत्या गाडीतून सगळं तेल बाहेर फेकलं जाऊ शकतं. नव्या फिल्टरच्या रिंगला ताज्या तेलाचं बोट लावायचं आणि तो हातानेच घट्ट करायचा, पान्याने नाही. बोल्टाला नवा वायसर घालून मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंतच टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पान्याने, आवळायचं. आटे गेल्यापासून तो पाना मी कधी कुणाला उसना दिलेला नाही.

प्रत्येक द्रवाला हात घालावा असं मात्र मी म्हणत नाही. काचेवर फवारायचं पाणी भरावं, गार इंजिनात कूलंटची पातळी बघावी, ऑइल बदलावं. इथपर्यंत ठीक. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसायचं, कारण त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जातो. ब्रेक फ्लुइड मी गॅरेजमध्येच बदलून घेते. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पाणी शोषलेल्यासाठी तोच १५५ अंशांवर येतो. घाटात सतत ब्रेक दाबताना फ्लुइड तापून उकळलं तर ब्रेक लागत नाहीत, म्हणून हा फरक जिवाशी खेळतो आणि ते वेळेवर बदलायलाच हवं. पण बदलताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंही तसंच, त्यातली पातळी अनेकदा ठरावीक तापमानालाच मोजावी लागते. हात कुठे आवरायचा हे कळणं हाही याच कामाचा भाग आहे.

आता बाबांची वॉरंटी. इथे १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. आमच्याच ब्रँडचा भाग वापरा किंवा आमच्याकडेच सर्व्हिसिंग करा, अशी अट कंपनीला साधारणपणे वॉरंटीला जोडता येत नाही. घरी ऑइल बदलणारा माणूस तेला-फिल्टरच्या पावत्या आणि किलोमीटरची नोंद ठेवतो, ते त्याला पुरतं. आपल्याकडे असं काहीच नाही, असा माझाही समज होता. पण भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच विषयावर. बाहेरच्या गॅरेजांना अस्सल सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि तांत्रिक माहिती मिळू दिली जात नाही, हा ठपका होता. त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण कोर्टकचेरीत लांबलं, म्हणून बाबांची भीती मी निराधार म्हणणार नाही. वॉरंटीच्या काळात भावाने सर्व्हिसिंग कंपनीतच करावं, हे मलाही मान्य आहे. फक्त तो तक्ता हातात घेऊन जावा.

मामांच्या प्रश्नाचं उत्तरही मला याच आदेशात दिसतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय माझ्या भावाने बदललेल्या चार लिटर ऑइलमुळे पडत नाही. त्याला स्कॅनर मिळत नाही, सर्किटचा नकाशा मिळत नाही, अस्सल भाग मिळत नाही, त्याने पडतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काच्या, म्हणजे आपली गाडी हवी तिथे दुरुस्त करून घेता यावी याच्या, बाजूने २०१२ मध्ये कौल दिला. गाड्या आपली माहिती परस्पर कंपनीला पाठवू लागल्या तेव्हा तीही मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला मिळावी म्हणून २०२० मध्ये पुन्हा दिला, आणि त्यावरही कंपन्या कोर्टात गेल्या. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. मामांनी गॅरेजवाल्याची बाजू घ्यायची तर ती इथे घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

याच गॅरेजवाल्याकडून मी शिकले आहे. लहानपणी बाबा गाडी न्यायचे तेव्हा बॉनेटखाली डोकं घालून मीही उभी असायचे. मिस्त्री निघालेला प्रत्येक भाग हातात देऊन दाखवायचे: हा बघ, किती झिजलाय. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून दांडा कानाशी धरायचे आणि आवाजावरून बेअरिंग ओळखायचे. तसा माणूस मला इथे कुठल्याही दुकानात भेटला नाही. इथे विम्याचं कारण सांगून गिऱ्हाइकाला आत पाऊलच टाकू देत नाहीत. आता आपल्याकडच्या सर्व्हिस सेंटरमध्येही तीच काच आली, तोच सोफा आला, आणि बिलावर न समजणाऱ्या ओळी आल्या. मजुरी स्वस्त असो की महाग, मालक काचेपलीकडे गेला की त्याला सांगतील ते खरं मानावं लागतं. एकदा स्वतः तेल काढलेला माणूस पुन्हा कधीच तेवढा परका राहत नाही. पुढच्या वेळी तो पैसे देऊन काम करून घेईल, पण जुना फिल्टर दाखवा म्हणेल.

एका बाबतीत मात्र भावाला मी घाईने सल्ला दिला, हे कबूल करते. इथे जुनं तेल कुठे द्यायचं हा प्रश्न मला पडत नाही. या राज्यात कायद्याने, ज्या दुकानातून तेल घेतलं तिथे पावती दाखवली की दिवसाला २ गॅलनपर्यंत (सुमारे साडेसात लिटर) जुनं तेल फुकट परत घ्यावंच लागतं. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका वेळी बदललेल्या तेलाने १० लाख गॅलन गोडं पाणी, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर, दूषित होऊ शकतं. त्यामुळे माझ्या भांड्यातला शेवटचा थेंबही कॅनमध्ये जातो आणि कॅन दुकानात. वापरलेलं तेल शुद्ध करून पुन्हा वंगण म्हणून वापरता येतं, ते फेकायची चीजच नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू झाले आहेत. कागदावरची ही साखळी एकट्या माणसाच्या चार लिटरपर्यंत पोचायला हवी, नाहीतर ते गटारात जाईल किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासलं जाईल.

वाद शांत झाल्यावर भावाने गुपचूप बाबांच्या जुन्या गाडीचं ऑइल बदललं. तिची वॉरंटी कधीच संपली आहे. स्टँड आणले, फिल्टरची रिंग तपासली, सगळं नीट केलं आणि डिपस्टिकचा, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचा, फोटो पाठवला. सोनेरी तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये. जुनं तेल कॅनमध्ये भरून तो त्याच दुकानात गेला जिथून नवं घेतलं होतं. दुकानदार म्हणाला, आम्ही विकतो, परत घेत नाही. आणखी दोन ठिकाणी तेच ऐकलं. कॅन अजून त्याच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभा आहे आणि तो मला विचारतो आहे, "ताई, आता हे कुठे देऊ?" मी त्याला ओळखीच्या गॅरेजात विचार म्हटलं आहे. त्यांच्याकडचं तेल कुणी नोंदणीकृत माणूस उचलून नेतो का, तेही विचारायला सांगितलं आहे.