हातशिवणीच्या चामडी वस्तूंबाबत खुलासा
गोव्याच्या पावसाळी दमट हवेत हाताने शिवलेली चामड्याची पाकिटे उसवतात, म्हणून यंत्राचीच शिवण घ्यावी, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे एक तुटला की पुढचे टाके सैल होत जातात. दोन सुयांच्या हातशिवणीत मात्र एकच धागा प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी ओवला जातो, म्हणून एका बाजूचा टाका झिजला तरी दुसरा पकड सोडत नाही. एका सुईने घातलेल्या धावदोऱ्याला अर्थातच हे लागू नाही. ओलाव्याने कुजतो तो साधा सुती धागा. मेण लावलेला पॉलिएस्टर धागा आग्रहाने मागावा, आणि बुरशी दिसल्यास वस्तू कोरड्या कापडाने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवावी.